मीठ जातं कुठे?

बाळ जन्मतं तेव्हा काहीही बिघडलेलं दिसत नाही. दिवस भरलेले, वजन चांगलं, रडणं खणखणीत. बाराव्या दिवशी बारसं होतं, कुंचीत गुंडाळलेल्या बाळाचे फोटो नातेवाइकांना जातात. मग कधी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, कधी दीड-दोन महिन्यांनी, ते दूध ओढेनासं होतं. उलट्या सुरू होतात. वजन वाढायचं सोडून उतरायला लागतं, टाळू आत जाते, बाळ मलूल पडतं. घरातली मोठी माणसं म्हणतात, दूध पचत नसेल, दृष्ट लागली असेल. डॉक्टर जंतुसंसर्ग धरून उपचार सुरू करतात, आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत तसं करणं योग्यच असतं. पण त्याच वेळी रक्ताचे क्षार तपासले, तर कागदावर वेगळंच काही दिसतं. सोडियम १३५ ते १४५ असायला हवं, ते १२०च्याही खाली गेलेलं असतं. पोटॅशियम चढलेलं असतं. साखर अनेकदा उतरलेली असते. बाळाच्या अंगातलं मीठ लघवीवाटे वाहून चाललेलं असतं, आणि शरीराला ते थांबवता येत नसतं.

हे मीठ का जातं, याचा माग काढत निघालं की वाट मूत्रपिंडातून अधिवृक्क ग्रंथीत जाते, तिथून एका पेशीत, पेशीतून तिच्या तंतुकणिकेत, आणि शेवटी २८५ अमिनो आम्लांच्या एका प्रथिनापाशी येऊन थांबते. त्याचं नाव ‘स्टार’. ‘स्टिरॉइडोजेनिक अक्यूट रेग्युलेटरी प्रोटीन’ या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून ते आलं. संप्रेरक तातडीने तयार करायची वेळ आली की कोलेस्टेरॉलला तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यापर्यंत पोचवणं, हे त्याचं काम. हे प्रथिन बिघडलं की काय होतं, हे ते सापडण्याच्या चाळीस वर्षं आधीपासून डॉक्टर पाहत होते. पाहत असलेल्या गोष्टीचं कारण मात्र ते दुसरंच समजत होते.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. मोठ्या माणसात तिचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम भरतं. पण तिच्याशिवाय माणूस जगत नाही. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये या ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णांचं वर्णन केलं: अशक्तपणा, खालावत जाणारी प्रकृती, काळवंडणारी त्वचा. त्या काळी याचं मोठं कारण क्षयरोग होता, आणि आपल्याकडे तो आजही या ग्रंथी पोखरतो. ग्रंथीच्या बाहेरच्या थरात तयार होणारं अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाला मीठ राखून ठेवायला लावतं. कॉर्टिसॉल रक्तातली साखर आणि रक्तदाब सावरतं, आजारात, अपघातात, शस्त्रक्रियेत शरीराला टिकवून धरतं. ही दोन्ही स्टिरॉइड संप्रेरकं, आणि दोन्हींचा कच्चा माल एकच: कोलेस्टेरॉल.

या ग्रंथीची एक खासियत आहे. स्वादुपिंड इन्सुलिन तयार करून साठवून ठेवतं आणि लागेल तसं सोडतं. अधिवृक्क ग्रंथीकडे कॉर्टिसॉलचा म्हणावा असा साठा नसतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून एसीटीएच नावाचा संदेश येतो, आणि तो आला की त्या घडीला कॉर्टिसॉल बनवायला घेतलं जातं. बेंगळुरूच्या जे. पी. नगरच्या कडेने जाणारा रिंग रोड ओलांडताना अंगावर बस आली, तर छातीत धडधड होते ती अ‍ॅड्रेनलिनमुळे, क्षणात. कॉर्टिसॉल त्यानंतर काही मिनिटांत चढायला लागतं. त्या मिनिटांत पेशीत जे घडतं ते थोडं जवळून पाहण्यासारखं आहे.

संदेश पेशीच्या दाराशी पोचला की आत सायक्लिक एएमपी हा छोटा रेणू वाढतो. त्यामुळे एक विकर जागं होतं आणि ते स्टारवर फॉस्फेट चढवतं. त्याच वेळी नवं स्टार तयार व्हायला लागतं. पेशीत मेदाचे थेंब असतात, त्यांतून कोलेस्टेरॉल सुटं होतं आणि तंतुकणिकेच्या बाहेरच्या पडद्यापर्यंत येतं. इथपर्यंत फारशी अडचण नसते. अडचण पुढे आहे. तंतुकणिकेला दोन पडदे असतात आणि कोलेस्टेरॉलची बाजूची साखळी तोडणारं विकर, पी४५०एससीसी, आतल्या पडद्यावर बसलेलं असतं. दोन पडद्यांमध्ये काही नॅनोमीटर रुंदीचा पाणथळ पट्टा आहे. पाण्याच्या भांड्यात टाकलेला तुपाचा थेंब जसा त्यात मिसळत नाही, तसं कोलेस्टेरॉल त्या पट्ट्यातून आपण होऊन जात नाही. एवढंसं अंतर, पण गरजेच्या वेगाने ते पार करून द्यायला स्टार लागतं. पलीकडे पोचलं की सत्तावीस कार्बनच्या कोलेस्टेरॉलमधून सहा कार्बनचा तुकडा तुटतो, एकवीस कार्बनचं प्रेग्नेनोलोन उरतं, आणि त्यातून पुढे कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन असा सगळा परिवार तयार होतो. म्हणजे स्टारचं काम साखळीच्या पहिल्याच कडीवर आहे. ते थांबलं तर पुढचं सगळं थांबतं.

असं काहीतरी असणार, हा संशय १९६०च्या दशकातला. उंदरांच्या अधिवृक्क पेशींना एसीटीएच दिलं की स्टिरॉइड वाढतं, हे माहीत होतं. प्रथिनं बनवण्याची प्रक्रिया औषधाने रोखली, तर हीच वाढ थांबते, असं तेव्हा दिसलं. साखळी तोडणारं विकर तर जागच्या जागी शाबूत होतं. मग थांबलं ते काय? उत्तर एकच संभवत होतं: सतत नव्याने तयार करावं लागणारं, काही मिनिटांत नष्ट होणारं एखादं प्रथिन, ज्याच्याशिवाय कोलेस्टेरॉल विकरापर्यंत पोचत नाही. ते प्रथिन शोधायला आणखी तीस वर्षं गेली. १९८०च्या दशकात नॅनेट ऑर्म-जॉन्सन यांना संदेश मिळाल्यावर उगवणारी ३० हजार डाल्टन वजनाच्या आसपासची प्रथिनं दिसली. टेक्सासमधल्या लबक या गावी डग्लस स्टोको उंदराच्या वृषणातल्या एमए-१० या पेशींमध्ये तशाच प्रथिनांचा पाठलाग करत होते. त्यांच्या प्रयोगशाळेत बार्बरा क्लार्क यांनी १९९४ मध्ये त्याचं जनुक वेगळं केलं. संदेश न देता नुसतं हे जनुक पेशींत घातलं, तरी त्या स्टिरॉइड बनवायला लागल्या. तीस वर्षांचा संशय खरा ठरला.

आजाराची हकिकत याला समांतर चालली होती, दुसऱ्या गावी आणि दुसऱ्या माणसांच्या हाती. झुरिकचे बालरोगतज्ज्ञ आंद्रेआ प्राडर यांनी १९५५ मध्ये एका बाळाचं वर्णन लिहिलं. अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या आणि मेदाने गच्च भरलेल्या. गुणसूत्रांच्या हिशेबाने मुलगा, पण बाहेरून मुलीसारखा. या आजाराला लिपॉइड अ‍ॅड्रिनल हायपरप्लेझिया असं नाव पडलं. कोलेस्टेरॉलचं ढिगाने साठणं आणि स्टिरॉइडचा पूर्ण अभाव हे एकत्र पाहून कुणीही जो अंदाज केला असता तोच केला गेला: कोलेस्टेरॉल तोडणारं विकरच नसणार. पाठ्यपुस्तकांत तसंच छापलं जायचं. १९८६ मध्ये त्या विकराचं जनुक हाती आलं, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉल्टर मिलर यांच्या गटाने रुग्णांमध्ये ते तपासलं. ते धडधाकट निघालं. १९९१ मध्ये त्यांनी तसं प्रसिद्ध केलं. मला या सगळ्या इतिहासात हा निबंध सर्वांत मोलाचा वाटतो. त्यात कुठलाही नवा शोध नाही. पाठ्यपुस्तकातलं कारण खरं नाही, एवढंच त्यात नीट सिद्ध केलेलं आहे. ते झालं नसतं तर स्टार सापडल्यावरही कुणी त्याचा या बाळांशी संबंध जोडला नसता. ते झालं होतं म्हणूनच १९९५ मध्ये मिलर, जेरोम स्ट्रॉस आणि स्टोको यांचे गट एकत्र आले आणि ‘सायन्स’मध्ये रुग्णांच्या स्टार जनुकातली उत्परिवर्तनं प्रसिद्ध झाली.

त्यातलं एक उत्परिवर्तन जपान आणि कोरियातल्या बहुतेक रुग्णांमध्ये आढळतं. २५८व्या जागी अमिनो आम्लाऐवजी ‘थांबा’ असा आदेश येतो आणि प्रथिन २५७व्यावरच संपतं. शेवटची अठ्ठावीस अमिनो आम्लं तेवढी गळतात, आणि उरलेलं जवळजवळ संपूर्ण प्रथिन निरुपयोगी होतं. पॅलेस्टिनी अरब कुटुंबांमध्ये वेगळं उत्परिवर्तन सापडतं. भारतातूनही रुग्णांचे वृत्तांत प्रसिद्ध झालेले आहेत.

विकराबद्दलचा जुना अंदाज चुकीचा असणार याची एक खूण खरं तर डोळ्यांसमोरच होती. ही बाळं दिवस भरून जन्मत होती. गरोदरपण टिकायला वारेतून प्रोजेस्टेरॉन यावं लागतं आणि त्यासाठी तेच विकर लागतं. गर्भात विकरच नसतं, तर गर्भ टिकणं कठीण होतं. वारेला स्टार मात्र लागत नाही, ती कोलेस्टेरॉल आत घ्यायला दुसरी व्यवस्था वापरते. म्हणून स्टार बिघडलेलं बाळ आईच्या पोटात सुखरूप वाढतं आणि जन्मताना निरोगी दिसतं. आजाराचं लपणं इथून सुरू होतं.

मग जन्मल्याबरोबर लगेच मीठ का जात नाही? आठवडे का लागतात? याचं उत्तर १९९६ मध्ये आलं, आणि त्या निबंधात हिमांग्शू बोस हे भारतीय वंशाचे संशोधक पहिल्या नावाने आहेत. स्टार नसतानाही पेशीत थोडंफार कोलेस्टेरॉल झिरपत आत जातं. प्रयोगात ते स्टार असतानाच्या सुमारे १४ टक्के भरलं. सुरुवातीला पेशी त्यावर भागवते. पण शरीराला कमी पडतंय म्हणून पीयूषिका ग्रंथी एसीटीएचचा मारा करत राहते. त्या माऱ्यामुळे पेशी आणखी कोलेस्टेरॉल गोळा करते. ते पलीकडे जात नाही, साठत राहतं. थेंबांवर थेंब चढतात, तंतुकणिका चेंगरतात, साठलेल्या मेदाच्या ऑक्सिडीकरणातून विषारी पदार्थ तयार होतात, आणि जी थोडकी क्षमता होती तीही संपते. पहिला आघात जनुकातला, दुसरा या साठवणीचा. बाळाला संकटात ढकलतो तो दुसरा.

हे स्पष्टीकरण मला फार पटतं, कारण ते एका ग्रंथीपुरतं राहत नाही. मुलग्याच्या वृषणातल्या पेशींना गर्भातच आईच्या वारेतून जोरदार संदेश मिळत असतो. त्या कामाला लागतात, मेदाने भरतात आणि जन्माआधीच मरतात. टेस्टोस्टेरॉन बनत नाही, म्हणून बाह्य अवयव मुलीचे घडतात. पण वृषणातल्या दुसऱ्या जातीच्या पेशी स्टिरॉइड बनवत नसल्यामुळे शाबूत राहतात आणि गर्भाशय घडू देत नाहीत. मुलीच्या बीजांडकोशाला मात्र गर्भात आणि बालपणात कुणी कामाला लावत नाही. तो निवांत असतो, म्हणून वाचतो. हा आजार असलेली मुलगी औषधांवर वाढली, तर वयात येते, तिला पाळी येते. दर महिन्याला थोड्याच बीजपुटिका जाग्या होतात आणि तेवढ्याच बिघडतात, बाकीच्या पुढच्या महिन्यासाठी सुरक्षित असतात. बीज सहसा सुटत नाही, पण काही जणींना औषधांच्या आणि प्रोजेस्टेरॉनच्या मदतीने मूल झाल्याचं वैद्यकीय साहित्यात नोंदलेलं आहे. ज्या पेशीला काम सांगितलं ती मेली, जिला सांगितलं नाही ती वाचली, हा एकच नियम शरीरभर लागू पडतो.

स्टार नेमकं कसं काम करतं, यावर मात्र अजून एकमत नाही. त्याच्या घडीत एक पोकळी आहे आणि तीत कोलेस्टेरॉलचा एकच रेणू मावतो. एका स्टारमागे मिनिटाला सुमारे चारशे रेणू आत जातात असं मोजलं गेलं आहे. एकेक रेणू उचलून पोचवण्याने हा आकडा गाठणं अवघड दिसतं. स्टार जन्मतं तेव्हा ते लांब असतं आणि त्याच्या टोकाला तंतुकणिकेत प्रवेश देणारा भाग असतो. आत शिरताना तो कापला जातो आणि आखूड प्रथिन आत राहतं. म्हणून आधी वाटलं, शिरता शिरताच ते कोलेस्टेरॉल सोबत नेत असावं. बोस, लिंगप्पा आणि मिलर यांनी २००२ मध्ये स्टारला बाहेरच्या पडद्याला कायमचं डकवून टाकलं, आणि ते अखंड काम करत राहिलं. आतल्या भागात सोडलेलं स्टार काहीच करेना. म्हणजे आत शिरणं हा कामाचा भाग नाही, तो कामाचा शेवट आहे. बाहेरच्या पडद्यावर असतानाची थोडी मिनिटं, एवढंच त्याचं कामाचं आयुष्य. टीएसपीओ हे दुसरं प्रथिन या वाटेचं दार आहे, असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. २०१४ मध्ये ते काढून टाकलेले उंदीर धडपणे स्टिरॉइड बनवताना दिसले, आणि तोही वाद पुन्हा उघडला. स्टार काढून टाकलेले उंदीर १९९७ मध्येच तयार झाले होते. ते या बाळांसारखेच दगावले.

हे सगळं दक्षिण बेंगळुरूत बसून लिहिताना मला पुन्हा पुन्हा आठवतो तो एक रक्ताचा ठिपका. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी परिचारिका बाळाची टाच कोमट कापडाने शेकते, टाचेच्या कडेला सुई टोचते, पहिला थेंब पुसून टाकते आणि पुढचे थेंब जाड गाळण-कागदावर छापलेल्या वर्तुळांत उतरवते. कागद सावलीत तीनेक तास वाळतो आणि पाकिटातून प्रयोगशाळेत जातो. भारतात अशा तपासणीची मोठी सुरुवात याच शहरात, १९८० मध्ये झाली. भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. एन. अप्पाजी राव आणि डॉ. राधा रमादेवी यांच्या पुढाकाराने काही वर्षांत सव्वा लाखाच्या आसपास नवजात बाळं अमिनो आम्लांच्या विकारांसाठी तपासली गेली. गोव्याने २००८ मध्ये राज्यभरासाठी नवजात तपासणी हाती घेतली, तेव्हा बाळांचे ठिपके बेंगळुरूच्याच प्रयोगशाळेत येत होते. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह पाच केंद्रांत एक लाखावर बाळं तपासली. अधिवृक्क ग्रंथीच्या जन्मजात विकाराचं प्रमाण साधारण ५,७६२ बाळांमागे एक असं निघालं, आणि चेन्नईत ते आणखी जास्त होतं.

पण इथे एक गोष्ट प्रत्येक पालकाला आणि बालरोगतज्ज्ञाला ठाऊक असायला हवी. या तपासणीत मोजतात ते १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. अधिवृक्क ग्रंथीच्या जन्मजात विकारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकारात साखळी मध्येच, २१-हायड्रॉक्सिलेज या विकरापाशी तुटते, आणि त्याच्या मागे हा पदार्थ तुंबतो. तो वाढलेला दिसला की आजार पकडला जातो. स्टार बिघडलं तर साखळी पहिल्याच कडीला तुटते, तुंबायला पुढे काही तयारच होत नाही. अहवालात आकडा कमी येतो, कागदावर ‘सामान्य’ असं लिहिलं जातं, आणि तो कागद हातात घेऊन आईबाप निश्चिंत होतात. महिन्याभराने तेच बाळ मलूल होऊन आलं, तर ‘तपासणी झाली आहे, नॉर्मल आहे’ या वाक्याने डॉक्टरचीही दिशा चुकू शकते. तपासणी वाईट नाही, ती प्रत्येक राज्याने करावी असं माझं ठाम मत आहे. पण ती या आजारासाठी नाही. या आजारासाठी आहे ती सोडियम-पोटॅशियमची साधी तपासणी. तालुक्याच्या गावच्या प्रयोगशाळेतही ती होते आणि तासाभरात उत्तर देते. सोडियम कमी, पोटॅशियम जास्त, साखर खाली, हे तीन एकत्र दिसले की ठिपक्याचा अहवाल काहीही म्हणो, अधिवृक्क ग्रंथीचा विचार करायचा. रक्ताचा नमुना राखून ठेवायचा आणि हायड्रोकॉर्टिझोन त्याच क्षणी द्यायचं. निदान नंतरही करता येतं.

त्वचेचा रंग ही दुसरी खूण. एसीटीएचचा मारा चालू असतो तेव्हा त्वचा काळवंडते. पाश्चात्त्य पुस्तकांतल्या गोऱ्या बाळावर ते चटकन दिसतं. आपल्याकडे ‘बाळ सावळं आहे, आजोबांवर गेलंय’ म्हणून ते सुटतं. म्हणून पाहायचं ते हिरड्यांवर, स्तनाग्रांवर, जननेंद्रियाच्या त्वचेवर आणि हाताच्या रेषांत. तिथला काळेपणा घराण्यातून आलाय म्हणून सोडून द्यायचा नसतो.

आजार आईवडील दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक मिळालं तरच होतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक असते. आते-मामे भावंडांमध्ये सरासरी एक-अष्टमांश जनुकं सामायिक असतात, मामा-भाचीत एक-चतुर्थांश. १९८०च्या दशकात बेंगळुरू आणि म्हैसूरमध्ये एक लाखाहून जास्त जन्मांची पाहणी झाली, तेव्हा जवळजवळ एक-तृतीयांश लग्नं नात्यातली निघाली. सोलापूर, सांगली, बेळगावकडच्या मराठी घरांतही मामाची मुलगी सून म्हणून येणं नवं नाही, आणि कामासाठी जे. पी. नगरला येऊन राहिलेल्या कित्येक कुटुंबांची पाळंमुळं त्याच भागातली आहेत. यात कुणाला दोष द्यायचं कारण नाही. पण घरात पूर्वी एखादं बाळ ‘जुलाब-उलट्यांनी’ महिन्या-दोन महिन्यांचं असताना गेलं असेल, तर ती गोष्ट पुढच्या बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना सांगायला हवी. बहुतेक घरांत ती सांगितली जात नाही, कारण त्या बाळाबद्दल बोलणंच बंद झालेलं असतं.

जे. पी. नगरहून बन्नेरघट्टा रस्त्याने शहराकडे निघालं की डेअरी सर्कलच्या परिसरात निम्हान्स, किडवाई आणि इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था अशा मोठ्या सरकारी संस्था जवळजवळ आहेत. २०२१च्या दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात सेंटर फॉर ह्यूमन जेनेटिक्स आणि हेच इंदिरा गांधी रुग्णालय मिळून बेंगळुरूचं उत्कृष्टता केंद्र धरलेलं आहे. मुंबईत तो मान केईएमकडे आहे. जनुकाची तपासणी, पुढच्या गरोदरपणाचा सल्ला, यासाठी आता परदेशी नमुने पाठवावे लागत नाहीत.

उपचार सांगायला सोपा आहे. जे तयार होत नाही ते बाहेरून द्यायचं. हायड्रोकॉर्टिझोन दिवसातून तीनदा, फ्लुड्रोकॉर्टिझोन रोज, आणि तान्हेपणी दिवसाला एक-दोन ग्रॅम मीठ दुधातून वाटून. गोळ्या मोठ्यांच्या मापाच्या असतात, म्हणून त्या चुरून, मोजून द्याव्या लागतात. १९८५ मध्येच अठरा वर्षं उपचारांवर वाढलेल्या एका रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला होता. म्हणजे प्रथिनाचं नावही ठाऊक नसताना हा आजार सांभाळता येत होता.

अवघड जातं ते घरात. ‘स्टिरॉइड’ म्हटलं की आई घाबरते. जाहिरातींतून, शेजाऱ्यांकडून तिने ऐकलेलं असतं की स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात, तोंड सुजतं, सवय लागते. मोठ्या मात्रेत देतात त्या स्टिरॉइडबद्दल ते खरं आहे. इथे मात्र शरीर जेवढं बनवतं तेवढंच द्यायचं असतं, आणि ते बंद केलं तर मूल दगावतं. एखादा आयुर्वेदाचा किंवा होमिओपॅथीचा उपाय सापडला म्हणून गोळ्या थांबवणं हा या मुलांच्या जिवाला सर्वांत मोठा धोका आहे. दुसरी गोष्ट याहून नाजूक असते. मुलगी म्हणून घरी आलेल्या, मुलीचं नाव ठेवलेल्या बाळाची गुणसूत्रं एक्सवाय निघतात. ही मुलं बहुतेक ठिकाणी मुली म्हणूनच वाढतात आणि वयात येताना त्यांना इस्ट्रोजेन द्यावं लागतं. त्या घरांना समुपदेशक लागतो आणि वेळ लागतो. नातेवाइकांना सगळं सांगायची गरज नाही, पण मुलीला तिच्या वयाला झेपेल तसं सांगायची गरज असते. डॉक्टरांनी हे काम ओपीडीच्या पाच मिनिटांत उरकू नये.

आजाराचा सौम्य प्रकारही आता माहीत झाला आहे. उत्परिवर्तनानंतरही स्टारची दहा-पंचवीस टक्के क्षमता उरली, तर मूल दोन-चार वर्षांचं होईपर्यंत काही कळत नाही. मग एखाद्या तापात ते अचानक कोसळतं, साखर उतरते. मुलग्यांचे अवयव मुलग्यासारखेच असतात, म्हणून अधिवृक्क ग्रंथीचा संशय कुणाच्या मनात येत नाही.

१९९९ मध्ये ख्रिस पॉन्टिंग आणि एल. अरविंद यांनी दाखवलं की स्टारमधला मेद धरणारा भाग इतर प्रथिनांतही आहे, अगदी वनस्पतींतसुद्धा. माणसात अशी पंधरा प्रथिनं आहेत. त्यांतलं स्टार्डी७ तंतुकणिकेला फॉस्फॅटिडिलकोलिन पुरवतं. त्याच्या जनुकात एक पाच अक्षरांचा तुकडा वारेमाप वाढला, तर हात थरथरणं आणि अपस्मार असलेला कौटुंबिक आजार होतो, हे २०१९ मध्ये कळलं. तंतुकणिकेकडे मेद कोण, कसा नेतं, हा प्रश्न आता बालरोगतज्ज्ञांइतकाच मेंदूच्या डॉक्टरांचाही झाला आहे.

स्टार बिघडलेल्या मुलाला ताप आला की गोळीची मात्रा दुप्पट-तिप्पट करायची. उलट्या होत असतील, गोळी पोटात टिकत नसेल, तर वाट न पाहता मांडीत हायड्रोकॉर्टिझोनचं इंजेक्शन: तीन वर्षांपर्यंत २५ मिलिग्रॅम, तीन ते बारा वर्षांत ५०, त्यापुढे १००. हे इंजेक्शन आईबापांनी स्वतः द्यायला शिकायचं असतं. गणपतीला किंवा दिवाळीला बेंगळुरूहून रात्रीच्या बसने कोल्हापूर-पुण्याकडे निघणाऱ्या अशा कुटुंबाच्या हाताशी असलेल्या पिशवीत, सामानाच्या डिकीत नाही, त्याची कुपी, सिरिंज आणि डॉक्टरांचं पत्र असायला हवं. पत्रात आजाराचं नाव, मात्रा आणि ‘प्रथम इंजेक्शन द्या, नंतर तपासण्या करा’ ही सूचना कन्नड, मराठी आणि इंग्रजीत असावी, कारण वाटेत पहाटे गाठावं लागणारं रुग्णालय चित्रदुर्गचं असू शकतं, हुबळीचं असू शकतं किंवा बेळगावचं.